जुन्या पिकअप गाडीच्या इंजिनाचे योग्य उष्णतामान

खरेदी, विक्री आणि वसुली या तीन गोष्टींचा विचार प्रत्येक व्यापारी नित्य करितो. परंतु या तिन्हींना जोडणारी जी चौथी गोष्ट, म्हणजे वाहतूक, तिची आठवण बहुधा गाडी रस्त्यात बंद पडल्यावरच होते. बेळगाव, निपाणी, संकेश्वर, चिकोडी या आपल्या भागात अनेक सभासदांच्या दारी आज एखादी लहान मालवाहू गाडी उभी असते. कोणाची महिंद्राची पिकअप, कोणाची टाटा २०७, तर कोणाची टाटा एस. त्यांतील कित्येक गाड्यांनी दहा-पंधरा वर्षे सेवा केलेली आहे. नवी गाडी घेणे प्रत्येकास परवडते असे नाही. आणि जुनी गाडी नीट सांभाळली तर ती मोडीत काढण्याचेही कारण नाही. मात्र अशा गाडीचे इंजिन अकाली निकामी होण्याची जी कारणे आहेत, त्यांत उष्णतेचे कारण अग्रभागी आहे. म्हणून या विषयाची थोडी माहिती सभासद बंधुभगिनींपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

आम्ही यंत्रशास्त्राचे पदवीधर नव्हे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंत, आणि आयुष्य गेले ते धान्याच्या पोत्यांत. परंतु ज्याची गाडी माल वाहते त्याने त्या गाडीच्या प्रकृतीचे जुजबी ज्ञान मिळवावे, हे आम्ही आपले कर्तव्य समजतो. गाडीबरोबर मिळणारी पुस्तिका वाचून आणि जाणत्या मिस्त्रींना प्रश्न विचारून जे समजले, तेच येथे साध्या भाषेत मांडीत आहोत.

प्रश्न एवढाच आहे: चालू इंजिनातील पाणी किती तापलेले असावे? बहुतेक मालकांस व कित्येक चालकांसही असे वाटते की, ते जितके थंड तितके उत्तम. ही समजूत चुकीची आहे. आपल्या जुन्या डिझेल पिकअप गाड्यांस साधारणतः ८० ते ९५ अंश सेल्सिअस हे उष्णतामान योग्य होय. त्याहून कमी असणे हा दोष आहे, आणि त्याहून फार अधिक असणे हे संकट आहे.

इंजिनास ऊब का हवी?

डिझेल जाळून जी शक्ती निर्माण होते, तिचा ढोबळ मानाने तिसरा हिस्साच चाके फिरविण्याच्या कामी येतो. दुसरा हिस्सा धुराबरोबर नळीवाटे बाहेर जातो, आणि उरलेला बराचसा भाग इंजिनाच्या धातूत मुरतो. सिलिंडरच्या आत क्षणभर का होईना, दोन हजार अंशांच्या आसपास उष्णता असते. ती बाहेर काढली नाही तर धातू टिकणार नाही. म्हणून सिलिंडरभोवती पाणी खेळविलेले असते. ते पाणी उष्णता घेऊन रेडिएटरमध्ये जाते, तेथे पंख्याच्या वाऱ्याने निवते आणि पुन्हा इंजिनात येते.

आता कोणी म्हणेल की, मग सगळीच उष्णता काढून टाकली तर काय बिघडले? बिघडते ते असे. एक लिटर डिझेल जळले म्हणजे त्यातून जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. इंजिन पुरेसे गरम असेल तर ही वाफ धुराबरोबर निघून जाते. इंजिन थंड असेल तर तिचा काही भाग सिलिंडरच्या भिंतींवर दवासारखा जमतो, आणि तेलात उतरून त्याचा गाळ करितो. डिझेलमधील गंधकामुळे त्याचे आम्लही होते. एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ प्रतीचे, अत्यल्प गंधकाचे इंधन मिळू लागल्याने आम्लाचा त्रास पुष्कळ कमी झाला आहे; परंतु पाण्याचा त्रास तसाच आहे. शिवाय थंड इंजिनात तेल दाट राहते, डिझेल पुरते जळत नाही, धूर अधिक निघतो, आणि तेवढ्याच अंतरास डिझेल जास्त लागते. सिलिंडर व त्यातील रिंगा यांची झीज गरम चालणाऱ्या इंजिनापेक्षा थंड चालणाऱ्या इंजिनात अधिक होते, ही गोष्ट पुष्कळांस नवलाची वाटेल.

आपल्या व्यवसायातील दृष्टांत द्यावयाचा तर भाताचा देता येईल. भात ओले राहिले तर त्यास बुरशी येते. फार वाळले तर गिरणीत त्याची कणी होते. ठरावीक ओलावा असेल तेव्हाच अखंड तांदूळ मिळतो. इंजिनाच्या उष्णतेचेही तसेच आहे.

किर्लोस्कर या नावाशी बेळगावचा जुना संबंध आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली आपल्या उद्योगाचा आरंभ याच शहरात सायकलच्या दुकानाने केला, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली. पुढे १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी निघाली, आणि तिची इंजिने आपल्या भागातील विहिरींवर आली. ज्या जुन्या इंजिनांत विहिरीचे गार पाणी थेट सिलिंडरभोवती सोडलेले असे, तेथे जाणता शेतकरी कॉक सर्रास पूर्ण उघडा ठेवीत नसे. बाहेर पडणारे पाणी हातास चांगले गरम लागेल इतपतच तो उघडी. पुस्तकी आकडे ठाऊक नसताही इंजिन गारठू देऊ नये, एवढे त्यास अनुभवाने कळले होते.

थर्मोस्टॅट ही छोटी झडप

गाडीत हे कॉक फिरविण्याचे काम थर्मोस्टॅट नावाची एक लहानशी झडप करिते. तिच्या पोटात मेणाची एक कुपी असते. पाणी गार असता मेण घट्ट असते व झडप बंद राहते; पाणी इंजिनातल्या इंजिनातच फिरून लवकर तापते. उष्णता ठरावीक अंशावर गेली की मेण वितळून फुगते, झडप उघडते, आणि पाण्यास रेडिएटरची वाट मोकळी होते. जुन्या डिझेल गाड्यांत ही झडप बहुधा ८० अंशांच्या जरा पुढेमागे उघडू लागते, आणि त्यानंतर दहा-बारा अंश चढेपर्यंत पूर्ण उघडते. तिचा नेमका आकडा पुष्कळदा तिच्याच अंगावर कोरलेला असतो.

आपल्याकडे गाडी एकदा तापली की काही मिस्त्री पहिला उपाय म्हणून ही झडपच काढून टाकितात, आणि मालकही "एक कटकट गेली" म्हणून समाधान मानितो. हा उपाय नव्हे. हिवाळ्यात निपाणीहून पहाटे निघालेली अशी गाडी बेळगाव येईतो नीट तापतही नाही. त्याहून मोठी गोष्ट अशी की, पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना आडवाटेचे भोकही बंद करितो. तो काढून टाकिला तर काही पाणी रेडिएटरकडे न जाता त्या आडवाटेनेच परत फिरते. परिणामी सपाट रस्त्यावर थंड राहणारी गाडी नेमकी घाटात, भरल्या मालानिशी, अधिक तापते. ज्या दुखण्यावर औषध म्हणून झडप काढिली, तेच दुखणे त्याने वाढते.

थर्मोस्टॅटची परीक्षा घरच्या चुलीवर होते. एका जुन्या पातेल्यात पाणी घालून झडप दोऱ्याने टांगून ठेवावी, शेजारी तापमापक धरावा आणि पाणी तापवावे. कोरलेल्या आकड्याच्या आसपास ती उघडू लागली आणि पाणी निवताना पुन्हा बंद झाली, तर ती चांगली. न उघडली किंवा उघडीच राहिली, तर ती बदलावी. ते पातेले मात्र पुन्हा स्वयंपाकास घेऊ नये.

उंची, घाट आणि रेडिएटरचे झाकण

समुद्रसपाटीस पाणी १०० अंशांवर उकळते, हे शाळेत शिकलेले सर्वांस स्मरत असेल. परंतु उंचीवर हवेचा दाब कमी होतो, आणि पाणी त्याआधीच उकळते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे. येथे उघड्या भांड्यातील पाणी ९७ ते ९८ अंशांवरच उकळू लागते. म्हणजे उत्तम चालणारे इंजिन आणि उकळी यांत अंतर अगदी थोडे राहते. ते अंतर वाढविण्याचे काम रेडिएटरचे झाकण करिते.

हे झाकण केवळ धूळ जाऊ नये म्हणून नाही. त्यात एक स्प्रिंग असते, ती आतील दाब धरून ठेविते. ज्या झाकणावर ०.९ असा आकडा असतो, ते चांगल्या स्थितीत असता आतील साधे पाणीसुद्धा ११५ अंशांपर्यंत उकळत नाही. स्प्रिंग सैल झाली वा रबर फाटले की हा सारा लाभ जातो, आणि बाकी सर्व ठीक असूनही घाटात पाणी उकळून बाहेर पडते. झाकण हा थोड्या पैशाचा भाग आहे. मिस्त्रीकडून त्याचा दाब तपासून घ्यावा, आणि शंका वाटल्यास त्याच आकड्याचे नवे बसवावे.

आपल्या वाटा कोणत्या आहेत, याचाही विचार करावा. बेळगाव ते निपाणी हे सुमारे ७५ किलोमीटरांचे अंतर. त्यात वंटमुरीचा चढउतार आहे, आणि निपाणीजवळ स्तवनिधीच्या क्षेत्रापाशी तवंदीचा घाट आहे. हा महामार्ग रुंद आहे, गाडीस वारा मिळतो. तेथे चांगल्या गाडीस त्रास होऊ नये. खरी परीक्षा गोव्याच्या व कोकणच्या वाटेवर होते. जांबोटी-कणकुंबीवरून उतरणारा चोर्ला घाट आणि सावंतवाडीकडे उतरणारा आंबोली घाट, हे दोन्ही जाताना उतार आहेत. धान्य भरलेली गाडी सुखाने खाली जाते. परत येताना नारळ वा अन्य माल भरून तीच गाडी सहा-सातशे मीटर चढते. वेग थोडा, समोरून वारा नाही, इंजिनावर भार पूर्ण, आणि महिना वैशाखाचा. अशा वेळी काटा ९५ च्या पुढे जाऊन शंभराच्या जवळ आला व चढ संपताच खाली उतरला, तर भिण्याचे कारण नाही. तो उतरत नसेल, किंवा १०५ च्या वर जात असेल, तर गाडी तेथेच थांबविली पाहिजे.

याचे कारण असे की, पुष्कळ इंजिनांचे धड बिडाचे व डोके ॲल्युमिनियमचे असते, आणि तापले असता ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट पसरते. मर्यादेपलीकडे उष्णता गेली की डोके वाकते आणि मधले हेड गॅसकेट जळते. मग पाणी तेलात व तेल पाण्यात जाते. तेलाचा रंग दुधाळ होतो. तेथून पुढचा खर्च सांगावयास नको. बिडाचे डोके वाकत नाही एवढ्यावर विसंबू नये. त्यास तडा जातो.

पाणी कोणते घालावे?

जैन घरांतून पाणी गाळून, आणि पुष्कळदा उकळून वापरण्याची रीत आहे. त्यामुळे आपल्या भगिनींना एक गोष्ट सांगावी लागणार नाही: कूपनलिकेचे जड पाणी रोज उकळले की पातेल्याच्या तळाशी पांढरा थर धरतो. गाळण्याने कचरा व जीवजंतू निघतात. विरघळलेले क्षार निघत नाहीत. हाच थर इंजिनाच्या आतून आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून धरतो. तो उष्णता जाऊ देत नाही. गाडीस रोज तोंडाशी पाणी घालणारा चालक दक्ष खरा, पण कूपनलिकेचे पाणी घालील तर तो रोज थोडा थोडा थरच घालीत असतो. शिवाय रोज पाणी घालावे लागते याचा अर्थ कोठेतरी गळती आहे, ती शोधावी.

योग्य रीत अशी की, बॅटरीत घालतात तसले क्षारविरहित पाणी आणि कूलंट यांचे निम्मे-निम्मे मिश्रण भरावे. बाजारात तयार मिश्रणही मिळते. त्यात पुन्हा पाणी मिसळू नये. आपल्या भागात पाणी गोठण्याचे भय नाही, मग कूलंट कशास, असे काहीजण विचारतात. ते दोन कारणांसाठी: त्यातील द्रव्ये आतील धातूस गंज चढू देत नाहीत, आणि मिश्रणाचा उकळबिंदू साध्या पाण्याहून सात-आठ अंश वर जातो. पण अधिक ते अधिक गुणकारी असे येथे नाही. निव्वळ कूलंट पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही. निम्म्याहून जास्त घातल्यास तोटाच होतो. दर किती वर्षांनी वा किलोमीटरांनी बदलावे, ते डब्यावर लिहिलेले असते, आणि ते पाळावे.

एक इशारा येथे दिलाच पाहिजे. कूलंटमधील इथिलिन ग्लायकॉल हे विष आहे आणि चवीस गोड असते. काढलेले कूलंट गटारात वा अंगणात सोडल्यास कुत्री, मांजरे, गुरे ते पितात आणि तडफडून मरतात. लहान मुलांसही तोच धोका. ज्यांच्या घरी मुंगीचाही विचार होतो, त्यांच्या गाडीच्या पाण्याने मुके प्राणी मरू नयेत. काढलेले कूलंट बंद डब्यात भरून, त्याची रीतसर विल्हेवाट लावणाऱ्या वर्कशॉपमध्ये द्यावे. आणि कूलंटसाठी पिण्याच्या पाण्याची बाटली कधीही वापरू नये.

पाण्याइतकेच वाऱ्याकडेही लक्ष हवे. आपल्या गाड्या बाजार समितीच्या आवारात उभ्या राहतात. तेथील कोंडा, भुसा, बारदानाचे धागे, निपाणीकडे तंबाखूची भुकटी, आणि गळिताच्या हंगामात उसाचे पाचट हे सर्व रेडिएटरच्या जाळीत जाऊन बसते. आत पाणी उत्तम असूनही वारा जाण्यास वाट राहत नाही. महिन्यातून एकदा इंजिनाकडील बाजूने बाहेरच्या दिशेस, हलक्या धारेने जाळी धुवावी. पंख्याचा पट्टा सैल अथवा चिरलेला नाही ना, तेही त्याच वेळी पाहावे.

काटा चढल्यास काय करावे?

जुन्या गाड्यांत पुष्कळदा आकडे नसतात. नुसता थंड ते गरम असा काटा असतो. आपली गाडी नित्य चालताना काटा कोठे स्थिर राहतो, ते चालकाने ध्यानात ठेवावे आणि त्यापासूनचा फरक पाहावा. खात्री करावयाची असल्यास दुरूनच उष्णता मोजणारे हातातील यंत्र आता सहज मिळते. ते थर्मोस्टॅटच्या घरावर रोखून आकडा पाहावा. तो आतील पाण्याहून काही अंश कमी दाखवितो. आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे: काटा पाण्याची उष्णता मोजतो, धातूची नव्हे. पाणीच निघून गेले तर काटा खोटा, कमी आकडा दाखवू शकतो. तेव्हा वाफ, गोडसर वास, अथवा इंजिनाची ओढ एकाएकी कमी होणे, याही खुणा मानाव्यात.

घाटात काटा चढू लागल्यास वरचा गियर रेटू नये. खालचा गियर टाकिला म्हणजे पंप व पंखा वेगाने फिरतात आणि भार हलका होतो. वातानुकूलन असल्यास बंद करावे. तरीही काटा चढत राहिला तर सुरक्षित जागी थांबावे. पाणी शाबूत असेल तर इंजिन लगेच बंद न करिता काही मिनिटे रिकामे, किंचित जलद चालू द्यावे. पाणी गळत असेल वा वाफ उसळत असेल तर मात्र तत्काळ बंद करावे.

आणि झाकण उघडू नये. किमान अर्धा-पाऊण तास, रेडिएटरची वरची नळी हातास सोसेल इतकी निवेपर्यंत, त्यास हातच लावू नये. आत दाबाखाली शंभराच्या वर तापलेले पाणी असते; झाकण फिरताच ते एकदम उसळते. आमच्या परिचयातील एका व्यापाऱ्याच्या तरुण चालकाने आंबोलीच्या चढावर असेच घाईने झाकण फिरविले. त्याचा चेहरा व उजवा हात भाजला, आणि दोन महिने तो कामावर येऊ शकला नाही. त्यास घाई कशाची होती? दुकानातून तीन वेळा दूरध्वनी गेला होता की, गाडी अजून कोठे आहे. निवल्यावरही पाणी थोडे थोडे, इंजिन चालू ठेवून घालावे. तापल्या इंजिनात गार पाणी एकदम ओतल्यास बीड तडकते.

मालकाचा वाटा

येथवर जे लिहिले ते चालकाने व मिस्त्रीने करावयाचे. परंतु गाडीचे उष्णतामान पुष्कळ अंशी गादीवर बसलेल्या मालकाच्या हाती असते, असे आमचे स्पष्ट मत आहे. दीड टनाच्या गाडीत अडीच टन माल भरण्यास सांगणारा तोच. दुपारी बारा वाजता घाट चढावयास लावणारा तोच. आणि गाडी वाटेत अर्धा तास थांबविली म्हणून चालकास चारचौघांत बोलणाराही तोच. ज्या चालकास थांबण्याची भीती वाटते, तो काट्याकडे पाहणेच सोडून देतो. मग इंजिन जळते, आणि दोष मात्र त्याच्या माथी येतो.

यास्तव सभासदांस आमची विनंती आहे की, आपल्या चालकास एक गोष्ट पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगावी: "काटा चढला तर थांब, उशीर झाला तर तो आमचा." माल तासभर उशिरा पोहोचल्याने गिऱ्हाईक जात नाही, फार तर रागावते. जळलेले हेड गॅसकेट आठवडाभर धंदा थांबविते, आणि भाजलेला हात एका घराचे उत्पन्न थांबवितो. याचा हिशेब कोणत्याही व्यापाऱ्यास समजावून द्यावा लागू नये.

पुढील पाच गोष्टी कागदावर लिहून गाडीत चिकटवाव्यात. एक, रोज सकाळी इंजिन थंड असता बाटलीतील कूलंटची पातळी पाहावी. दोन, ८० ते ९५ अंश ही योग्य जागा. १०५ ला थांबावे. तीन, थर्मोस्टॅट काढून टाकू नये, बिघडल्यास बदलावा. चार, कूपनलिकेचे पाणी केवळ अडचणीत वापरावे, आणि परतल्यावर ते काढून योग्य मिश्रण भरावे. पाच, गरम झाकणास हात लावू नये.

एवढे पाळले तर जुनी गाडी आणखी पुष्कळ वर्षे इमाने चालेल, यात शंका नाही. सर्व सभासदांच्या गाड्या आणि त्या हाकणारे आपले चालक बंधू नित्य सुखरूप घरी येवोत, अशी शुभेच्छा व्यक्त करून हा लेख पुरा करितो.